पंधरा पौंड

कॅपेल दरीच्या चढावर, मागे ट्रेलरवर गवताच्या सोळा गाठी,
ट्रक दोनदा आचकला आणि गप्प झाला.
प्रेशरचा काटा तीनवर. मग दोनवर.
मग कुठेच नाही.
उणे एकोणीस. फोनला रेंज नाही.
मी बॉनेटला शिव्या दिल्या, आधी इंग्रजीत,
मग आजोबांच्या युक्रेनियनमध्ये,
ती भाषा मला शिव्यांपुरतीच येते.

आईनं सगळं ऐकून घेतलं, बीटचं सूप ढवळत.
म्हणाली, लिफ्ट पंप. मी तुझ्या बापाला
दोन हजार चार सालीच सांगितलं होतं.

शनिवारी शेडमध्ये फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
ती ट्रकखाली सरकली. एकोणसत्तर वर्षांची,
त्यातली एकतीस धान्याच्या एलिव्हेटरवर, पट्टे आणि मोटारी सांभाळत.
बाहेर फक्त बूट दिसत होते, आणि आवाज येत होता:

हा बघ जुना. इंजिनाला चिकटून बसलाय.
डिझेल कुठे? पार मागे, टाकीत.
म्हणजे हा इथे बसून ओढणार.
उन्हात ओढणार, थंडीत मेण झालेलं ओढणार.
अगं, पंपाला ओढवत नाही फारसं. त्याला ढकलता येतं.
नवा आपण टाकीशेजारी लावू, चेसीवर.
जवळून उचलेल, पुढे रेटेल.

म्हणजे हृदयच की, मी म्हणाले.
हृदय-बिदय काही नाही. बारा व्होल्टचा पंप आहे.
तेरा नंबरचा पाना दे.

हौद्याचे आठ बोल्ट.
चार निमूट सुटले, तीन गंजाशी भांडून,
एक तुटलाच.
हौदा तिरका उचलून आम्ही खाली लाकडं सारली
आणि टाकीच्या झाकणाला भोक पाडताना
दोघींनीही श्वास धरला, का कोण जाणे.

बाबा बारा वर्षं फोर्ट मॅकमरेला होते.
दोन आठवडे तिकडे, एक इकडे.
हजार किलोमीटरवर बसून ओढत होते
हे शेत, हे कर्ज, माझे दातांचे तारसुद्धा.
हे मी बोलले नाही.
तीही नाही. फक्त जुना बँजो बोल्ट
दिव्यासमोर धरून त्याच्या भोकातून
जरा जास्तच वेळ बघत राहिली.
केवढंसं भोक, म्हणाली,
आणि यातून सगळं.

मग जुना पंप तिनं भंगाराच्या बादलीत टाकला.
न बघता.

किल्ली फिरवली. मागून गुणगुण आली,
रिकाम्या शेडमध्ये फ्रिज सुरू व्हावा तशी.
आणि एका सांध्यातून डिझेलचा थेंब
थेट तिच्या कपाळावर.
बंद कर, बंद कर, टेफ्लॉन टेप आण!
ती हसत होती. नोव्हेंबरपासून
पहिल्यांदाच असेल.
दुसऱ्यांदा किल्ली. काटा उठला,
पंधरावर जाऊन थांबला.

रविवारी तोच चढ, त्याच गाठी.
दरी बर्फानं भरून गेलेली, खाली गोठलेलं तळं,
एक कोल्हा रस्ता ओलांडून गेला.
आईनं यातलं काही पाहिलं नाही.
मांडीवर हातमोजे, नजर काट्यावर.

माथ्याशी मी पेडल पूर्ण दाबलं.
चौदा झाले, ती म्हणाली.
थोड्या वेळानं म्हणाली,
चौदा चालतात.