चौथं कारण

टॅलमन काउंटीच्या शेतकी ऑफिसात माझी खिडकी तिसरी.
पहिलीवाली निवृत्त झाली, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर,
म्हणजे सध्या सगळी काउंटी
माझ्याच समोर येऊन टोपी काढते.

ऑक्टोबरात पैसे सुटतात.
आवाज होत नाही. बँकेच्या खात्यात एक ओळ वाढते, एवढंच.
पण त्या आठवड्यात
धान्याच्या कोठारापाशी, कॉफीच्या यंत्राभोवती,
माणसं एकमेकांच्या नव्या टायरांकडे बघतात
आणि विचारत कोणीच नाही.
आकडे जाहीर असतात, नावासकट, सेंटासकट:
व्हर्लिन पेनरला किती, त्याच्या भावाला किती.
दोघं भाऊ बोलत नाहीत त्याला किती वर्षं झाली,
ते यादीत नसतं.

नियम असा, की यंदा काय पेरलंत त्याचे पैसे नाहीत.
तुमच्या जमिनीत पूर्वी जे पेरलं होतं, त्याचे आहेत.
शेतात आज गवत असो, गुरं असोत,
पवनचक्कीचा पांढरा खांब असो,
फायलीत गहूच डोलतो.
भाव पडला की त्या गव्हाची भरपाई निघते,
जो कोणी कापलेला नाही.
एकतीस वर्षं समजावते आहे.
आमच्या घरावरही यंदा नवं छप्पर चढलं,
आणि नवरा म्हणतो,
आपलं सगळ्यात चांगलं पीक टपालपेटीत येतं.

काल ओडेलिया क्राटोखविल आली.
वय सत्त्याऐंशी. बावीस मैल स्वतः गाडी चालवत.
चिखलाचे बूट दाराशी काढून, मोज्यांवर.
(यादीत सगळ्यात वरचं नाव एका ट्रस्टचं आहे,
पत्ता फिनिक्सचा, बारावा मजला.
त्याचे बूट मी कधी पाहिले नाहीत.)

तिने चेक पुढे केला. तिचाच, तिच्या अक्षरातला.
घेणाऱ्याच्या जागी एकच शब्द: सरकार.
नऊशे अठरा डॉलर, सदतीस सेंट.
"हे तुमचे. मी गहू पेरला नव्हता."
चूक नाही, मी म्हटलं, आणि नियम सांगितला.
तिने शेवटपर्यंत ऐकलं, प्रवचन ऐकावं तसं.
मग म्हणाली, "पण गहू नव्हता ना."

पैसे परत घ्यायचे तर संगणक कारण मागतो.
जादा भरणा. अपात्रता. मृत्यू. खोटी माहिती.
मी चारही वाचून दाखवली.
"मृत्यू लॅम्बर्टचा चालेल का?"
नाही, म्हटलं, तो मागेच वापरला आहे.
ती हसली. मीही हसले. मग बरं वाटेना.

"नकाशा दाखव," म्हणाली.
मी विमानातून काढलेला फोटो तिच्याकडे फिरवला.
तपकिरी चौकोन, त्यावर आमचा आकडा:
गहू, एकशे वीस एकर.
तिचं बोट काठाकाठाने चालत गेलं
आणि एका फिकट डागावर थांबलं.
"इथे गहू कधीच नव्हता.
इथे पाणी साचायचं. बदकं उतरायची.
लॅम्बर्टला गोल आकडा आवडायचा.
मी शेजारीच बसले होते, ह्याच खिडकीपाशी,
तू तेव्हा नव्हतीस."
बोट तिथेच ठेवून म्हणाली,
"चौथं कारण लाव."

चौथं लावलं
की बत्तीस वर्षांच्या फायली उघडतात,
व्याजासकट.
हे मी तिला सांगायला हवं होतं.
बाहेर कोणीतरी ट्रक सुरू ठेवून वाट बघत होतं.
पाचला दहा कमी.
मी पेनचं टोपण काढलं आणि विचारलं,
किती एकर होतं ते पाणी?

तिने दोन्ही हात उचलले,
थोडे लांब नेले, थोडे जवळ आणले,
पुन्हा लांब.
"ते पावसावर असायचं."