भागिले तीन

गंगापूरच्या लग्नात आत्याबाईंनी विचारलं,
"विमानात कायतरी करायलीस म्हणं तू?"
म्हटलं, विमान कधी थकेल ते बघते.
"लोखंड बी थकतंय का माय?"
लोखंड नाही, अ‍ॅल्युमिनियम, असं म्हणणार होते;
त्याऐवजी मांडवाच्या तारेचा तुकडा उचलला,
इकडं वाकवला, तिकडं वाकवला.
सतराव्या वेळी तुटला.
त्यांनी तुटकं टोक बोटाला लावलं. गरम होतं.
"अगं बाई," म्हणाल्या, आणि पंगतीला गेल्या.

चिकलठाण्याच्या शेडमध्ये
माझी पट्टी दीड महिना उडतेय.
हातभर लांब, नऊ भोकं, नऊ रिव्हेट,
दोन पोलादी जबड्यांत धरलेली.
धाव, चढ, ढगातले हिसके,
केबिनमध्ये फुगणारी हवा, मग उतार,
चाकं टेकल्याचा दणका:
दर चाळीस सेकंदांना एक उड्डाण,
जागेवरून तसूभर न हलता.
वीज गेली की ती हवेतच थांबते.
जनरेटर लागेपर्यंत आम्ही कुणी बोलत नाही.

हिसके मोजायची एक रीत आहे.
आलेख उभा करायचा,
त्याच्या उतरत्या छपरांवर पाऊस सोडायचा,
थेंब कुठून निघाला, कुठं अडला,
तेवढं एक चक्र.
ही रीत मी शिकले त्या वर्षी
लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं.
वर्गात सरांनी फळाभर पाऊस पाडला
आणि पाठीमागच्या बाकावरून
कुणीतरी रिकामी बाटली पुढं सरकवली.

खाजाभाई आधी एसटीच्या वर्कशॉपात होते,
बावीस वर्षं कमानपाट्यांवर हातोडी.
इथं त्यांचं काम आकडा लिहिणं, तेल बघणं.
एका रात्री डोळे न उघडता म्हणाले,
"मॅडम, आवाज बदलायलाय."
मी गेज पाहिले. सरळ रेघ.
प्रोब नऊही भोकांभोवती फिरवला. काही नाही.
वहीत लिहिलं:
७१,२०६. ऑपरेटरला आवाजात फरक वाटतो. दोष आढळला नाही.
'वाटतो' हा शब्द आमच्या अहवालात चालत नाही.
खोडायला पेन उचललं, आणि तसंच ठेवलं.

८६,४१२ वर तडा दिसला,
सातव्या भोकाच्या काठाशी, पापणीच्या केसाएवढा.
खाजाभाई काही म्हणाले नाहीत.
त्यांनी दोन चहा सांगितले.

मग पट्टी पूर्ण फोडली
आणि तुटलेलं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.
रेघेला लागून रेघ, रेघेला लागून रेघ,
एकेक रेघ म्हणजे एकेका उड्डाणाची खूण.
मी काठाकडं मागं मोजत गेले.
मान अवघडली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा मोजलं.
जिथं रेघा संपतात, म्हणजे जिथं त्या सुरू झाल्या,
तिथं हिशेब सत्तर हजारांच्या आसपास येतो.
योगायोग असेल.
एका कानावरून आलेख काढता येत नाही.

अहवालात ८६,४१२ ला तीननं भागायचं.
नवा मुलगा ओंकार विचारतो, तीननंच का?
एक पट्टी म्हणजे सगळ्या पट्ट्या नव्हेत, सांगते त्याला.
कुठं भोक तिरकं पडतं, कुठं समुद्राचं खारं वारं लागतं,
कुठं वैमानिक जरा जोरात टेकवतो.
आणि जे आम्हाला कळतच नाही
त्याला द्यायला आमच्याकडं दुसरं काही नाही,
एवढा भागाकार आहे.

बाकी शून्य आली.
अशी सहसा येत नाही. मला ते फारसं आवडलं नाही.

२८,८०४ उड्डाणांनंतर
कुठल्यातरी हँगरमध्ये, बहुधा रात्रपाळीत,
कुणीतरी गुडघ्यावर बसून
सातव्या भोकाकडं टॉर्च धरेल.
त्याला झोप येत असेल.
त्यानं नीट बघावं
एवढंच मला त्या आकड्यातून म्हणायचं असतं.

आज नवी पट्टी लावली. काउंटर शून्यावर.
दुपारचं मुंबईचं विमान पत्रे थरथरवत गेलं,
वर कुणी पाहिलं नाही.
खाजाभाईंनी खुर्ची
मशीनकडं अर्धा हात सरकवून घेतली.