नमुना क्रमांक सत्तावीस

कंग्राळीच्या पुलाखाली उतरताना
हुंदरेसाहेब बूट काढतात.
मार्कंडेयेला नमस्कार म्हणून नव्हे,
घसरतं.

बाटली दोनदा तिच्याच पाण्यानं विसळायची,
तिसऱ्यांदा भरायची.
लाखेसाठी काडी मी पेटवतो, वारा विझवतो,
पुन्हा पेटवतो.

पंचनामा कन्नडात.
पंच लक्कव्वा मण्णूरकर म्हणते,
"काय लिवलंसा, वाचून दावा की. सही मग."
वाचतो. 'नोरे' म्हणजे फेस.
"फेस न्हवं, साय म्हण.
पोरांनी तोंडाला लावायची न्हवं अशी साय."
तो शब्द कुठल्याच रकान्यात बसत नाही.
ती सही करते, मराठीत, रेघ सोडून.

कलम आहे. दंड आहे. शिक्का आहे.
खरं दोन खुर्च्या रिकाम्या,
जीप एक,
आणि बर्फ मासळीबाजारातनं उसना.
बांगडे समुद्राचे असतात आता.
इथल्या माशांबद्दल कोण विचारत नाही.

अंधारायच्या आत प्रयोगशाळा गाठायची.
देशाचा एवढा मोठा कायदा
शेवटी एक लिटर भरतो.
मांडीवर घेऊन बसलोय,
खड्डा आला की
दोन्ही हातांनी धरतो.