कारण लिहायची जागा

थंडर बे. जानेवारी. रात्रीचे पावणेदोन.
दारातून आधी वाफ आत आली, मग म्हातारा,
मग त्याची मुलगी, आणि तिच्या हातांत टग:
सहा वर्षांचा, आखूड पायांचा,
बंदरातल्या बोटीचं नाव लावणारा.

"झटका आलाय," टार्या म्हणाली.
मी त्याला फरशीवर उभं केलं.
उभा राहिला, म्हणजे चार पाय चार दिशांना
आणि मधे तो, पाण्यावरच्या फळीसारखा.
डोळे मिटत आले, मान हळूहळू खाली, खाली,
आणि एकदम दचकून वर,
शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या पोरासारखी.
शाएननं ट्रेमध्ये चिमटा ठेवला. एवढाच आवाज.
टगचं सगळं अंग उडालं.
मी नाकासमोर नुसता हात हलवला,
तर भिंत अंगावर आल्यासारखा मागे सरला.
आणि खाली थेंब, थेंब.
आपण गळतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

झटका कुत्र्याला उचलून नेतो.
हा इथेच होता,
फक्त प्रत्येक गोष्टीला थोडा उशिरा पोचत होता.

अंगाची ऊब छत्तीस पूर्णांक एक. कमी.
ठोके बावन्न. बाहुल्या दिव्यातही रुंद.

गॅरेजमध्ये अँटिफ्रीझ सांडलं होतं का?
नाही.
उंदराचं औषध? बिनसाखरेचं च्युइंग गम?
नाही. रक्तातली साखरही जागेवर.
घरात गांजा?
टार्या हसली. "बाबांच्या घरात?
त्यांनी कॉफीसुद्धा सोडलीये."
आर्मास हेक्किला,
धान्याच्या कोठारांत ज्यानं चाळीस वर्षं गहू भरला,
भिंतीवरचा मांजरांच्या दातांचा तक्ता
फार लक्ष देऊन वाचत होता.

लघवीत पट्टी बुडवली. माणसांसाठी बनवलेली.
पट्टी म्हणाली, नाही.
कुत्र्यांच्या बाबतीत ती पुष्कळदा चुकते.
तिला दोष नाही, तिला ही भाषा शिकवलेलीच नाही.
मी ती टाकून दिली आणि पुन्हा टगकडे पाहिलं.
मग म्हाताऱ्याकडे.
कमरेच्या पट्ट्याला एक नवं भोक होतं,
घरीच, खिळ्यानं पाडलेलं.

"टार्या, गाडीतून एखादी घोंगडी आणता?"
आमचं कपाट घोंगड्यांनी भरलेलं आहे.

दार लागलं.
"किती, कधी, आणि त्यात चॉकलेट होतं का,
मला एवढंच हवंय. कुत्र्यासाठी."
ताकाला जाऊन भांडं लपवावं
तसा तो मिनिटभर कोटाची बटणं चाचपत राहिला.
मग भांडं पुढे केलं.

"लोणी. त्यात उकळवलेलं.
फ्रिजमध्ये मागे असतं, मार्जरीनच्या डब्यात.
रात्री टोस्टला लावतो, नखाएवढं.
आज डबा हातातून निसटला.
खाली वाकायला मला वेळ लागतो. त्याला लागत नाही."
"गुडघे?"
"गुडघे नव्हेत."
त्यानं बरगडीखाली, उजवीकडे, हात ठेवला,
आपण परक्याच्या खांद्यावर ठेवतो तसा, बेतानं.
"ऑक्टोबरपासून. बर्फ वितळलं की तिला सांगणार होतो."

उलटी करवायची वेळ टळून गेली होती.
सलाईन लावलं, गरम पाण्याच्या पिशव्या,
दिवा मालवला, दाराला टॉवेल बांधला
म्हणजे ते आपटणार नाही.
अंधारात म्हातारा पिंजऱ्याशी बसून होता
आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "दुखतंय का त्याला?"
"नाही," मी म्हणत होते. "त्याला नाही."

नऊ वाजता टग उठला,
पाण्याच्या भांड्यापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत गेला
आणि नाक बुडवून पाणी सांडलं. टार्या रडली.

काउंटरवर घरी सोडायचा कागद.
नाव, वजन, लक्षणं भरली. पुढे एक चौकोन: कारण.
माझं पेन तिथे थांबलेलं पाहून
म्हातारा म्हणाला, "लिहा."
मी लिहिलं.
टार्यानं कागद उलटा धरला, सुलटा केला, वाचला.
"लोणी? कसलं लोणी? बाबा?"

"आत फोन वाजतोय," मी शाएनला म्हणाले,
आणि आम्ही दोघी आत गेलो.
फोन वाजत नव्हता.