कागदाची नळी

*लव्हिना टेन आइक सांगते. कॅट्सकिलचे डोंगर, १८४७*

माडीवरची उत्तरेची खोली,
आठवड्याला अडीच डॉलर, न्याहारीसकट.
व्हिटलॉक नावाचा चित्रकार जूनमध्ये आला.
रंग डुकराच्या मूत्राशयात बांधलेले, पुरचुंड्यांसारखे;
टाचणीनं टोचायचा आणि पिळायचा.
आईनं पहिल्याच दिवशी बजावलं,
उशीच्या अभ्र्याला हात पुसायचे नाहीत.

पहाटे धबधब्याकडे जायचा
आणि कुणाला तरी भेटून आल्यासारखा परतायचा.
जेवताना सांगायचा:
युरोपात पडके किल्ले आहेत, राजांची थडगी आहेत.
आपल्याकडे काय? रान.
कुणाचा हात न लागलेलं रान,
देवानं काल संध्याकाळीच पुरं केल्यासारखं.
मोजू नका, म्हणायचा,
आधी छाती भरून येऊ द्या.

माझा भाऊ बॅरंट बटाटा मोडत ऐकायचा.
त्याच्या नखांत हेमलॉकच्या सालीचा लाल रंग,
रविवारीसुद्धा न निघणारा.
त्याच रानात तो झाडं पाडायचा,
साल सोलायचा,
उघडं खोड तिथंच कुजायला टाकायचा.
साल खाली टॅनरीत जायची,
ब्यूनस आयर्सहून आलेली कातडी तिच्यात भिजायची.
ओढा कोऱ्या चहासारखा वाहायचा
आणि मासे पोट वर करून.

चित्र अर्धं झालं तेव्हा मी पाहिलं.
धबधबा होता. ओढा निळा होता.
"चिमणी कुठाय?" मी विचारलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
"लव्हिना, यातली संध्याकाळ मंगळवारची आहे,
ढग शुक्रवारचे,
आणि तो वठलेला ओक तर पलीकडच्या दरीतला.
समोर जे आहे ते मी काढत नाही.
समोर उभं राहिल्यावर माझं जे होतं, ते काढतो."

ऑगस्टमध्ये बॅरंटवर झाड आलं.
एवढंच. पाडणाऱ्यांवर झाडं येतात.

तिसऱ्या दिवशी मी माडीवर गेले.
म्हटलं, यात एक माणूस घाला.
त्यानं कुंचल्याचे तीनच केस ओले केले, श्वास रोखला
आणि कड्यावर ठेवला तांबडा ठिपका, मोहरीएवढा.
म्हटलं, त्याचा कोट तपकिरी होता.
म्हणाला, तपकिरी तिथं दिसणार नाही.
म्हटलं, एवढासाच?
म्हणाला, माणूस लहान असला म्हणजे...
आणि वाक्य तसंच राहू दिलं.

पुढच्या मे महिन्यात शहरात गेले. तिकीट पंचवीस सेंट.
अंधारी खोली, मखमली पडदा, दोन्हीकडे गॅसचे दिवे,
बायका कुजबुजत होत्या, प्रार्थनेला आल्यासारख्या.
दारावरचा मुलगा सांगत होता,
पत्रकाची नळी करा, एका डोळ्याला लावा,
चौकट दिसेनाशी होते, तुम्ही तिथंच असता.
शेजारचे गृहस्थ म्हणाले,
"कल्पना करा! इथं मनुष्याचं पाऊलही पडलेलं नाही."
मी म्हटलं, "आम्ही तिथं चादरी वाळत घालतो."
त्यांना ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असेल.

नळी कड्यावरून सरकवत नेली
आणि तो सापडला.
पाठमोरा. हातात कुऱ्हाड नाही,
साल उचकटायची पहार नाही.
नुसता बघत उभा.
बॅरंट जन्मात कधी असा नुसता उभा राहिला नव्हता.
मला त्याचं बरं वाटलं
की चित्रकाराचा राग आला,
अजून ठरत नाही.

परतीच्या आगबोटीच्या तळाशी कातडी होती,
वास वरच्या डेकपर्यंत.

सकाळी मागच्या पायरीवरून
तीच नळी डोंगराला लावली.
बोडकं टेकाड, सोललेली खोडं हाडांसारखी पांढरी,
त्यांतून हिंडणारे चारपाच जण,
मोहरीएवढेच.
जराशी उजवीकडे नेली
तर फक्त धबधबा आणि आभाळ,
चिमणी कडेच्या बाहेर.
तशीच धरून ठेवली
हात भरून येईपर्यंत.