ती किती वर आली

पोलादी नळी ठोकायची, अर्ध्या मीटरवर थांबायचं.
हाताला झिणझिण्या येतात, पण घाई करायची नाही.
नळीतली पहिली हवा काढून टाकायची, ती आपली असते, वरची.
मग जी येते ती खालची.
यंत्र थोडा वेळ विचार केल्यासारखं करतं
आणि आकडा सांगतं.

फुर्नासमध्ये मी घरोघर हेच करत फिरते.
ज्वालामुखीच्या तोंडातच गाव वसवलंय इथे लोकांनी,
चर्च, बेकरी, शाळा, सगळं जबड्यात.
तळ्याकाठी पातेली पुरून मांस शिजवतात,
कोमट ओढ्यात अळू माजलेलं असतं,
आणि फरशीखालून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो.
रंग नाही, वास नाही. हवेहून जड,
म्हणून पाण्यासारखा खोलगटात साचतो.
तळघरात कोंबड्या मेल्या की मला बोलावतात.
एरवी कॉफी विचारतात, आकडा विचारत नाहीत.

एर्मीनियोचं घर उताराच्या तळाशी, शेवटचं.
बायको गेल्यापासून तो खालच्या खोलीत झोपायचा,
गादी थेट फरशीवर टाकून.
"पलंग फार रुंद झालाय," म्हणाला.
उशाशी देओलिंदाचा फोटो, पुढ्यात मेणबत्ती.
रोज रात्री लावतो, आणि थोड्या वेळात ती विझते.
खिडक्या बंद. वारा नाही.
"तीच फुंकर मारते. जन्मभर हेच,
मेण फुकट जाळू नकोस, झोप आता."

मी फरशीच्या फटीत नळी घातली.
आकडा चढला, चढतच राहिला.
यंत्रावर टिचकी मारून पाहिली. पुन्हा तेच.

काय सांगायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं:
पलंग उंच करा, खिडकी उघडी ठेवा,
भिंतीत जमिनीलगत भोक पाडा.
तेवढं सांगितलं.
मेणबत्तीबद्दल बोलले नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे,
आणि फोटो उचलून कपाटावर ठेवला.
मला वाटलं, न बोलता निभावलं. कुठलं निभावतंय.

पुढच्या वर्षी गेले तर पलंग दगडी ठोकळ्यांवर.
भोक पाडलेलं, उंदरांसाठी त्याला जाळी.
मेणबत्ती कपाटावर, तळापर्यंत जळालेली.
"आता ती विझवत नाही," म्हणाला,
"मलाच विझवावी लागते. कधी कधी उजाडतं."

मग त्याने कोपऱ्यातली खुर्ची सरकवली.
मागे भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा,
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दाट,
प्रत्येकीशेजारी तारीख.
लांब दांड्याच्या पळीत मेणबत्ती चिकटवून
तो रोज रात्री ती हळूहळू खाली नेतो.
ज्योत गेली की तिथे रेघ.
"हे बघ, पाऊस यायच्या आदल्या रात्री ती वर येते.
आभाळ मोकळं असलं की खालीच राहते."

हवेचा दाब उतरला की जमिनीतून वायू जास्त निघतो.
हे वाक्य लिहायला आम्हाला
तीन यंत्रं आणि दोन हिवाळे लागले होते.
माझ्या वहीत तो.
त्याच्या भिंतीवर ती.

मी गुडघे टेकून सगळ्या रेघा उतरवून घेतल्या,
टेप लावून, सेंटिमीटरात.
तो तारखा वाचून दाखवत होता, चष्मा न लावता,
म्हणजे पाठच असणार.
सर्वांत वरची बासष्टवर, तिच्याशेजारी काहीच नाही.

ही कधीची?
"त्या दिवशी पाऊस नव्हता आला," तो म्हणाला.

मी पलंगाची उंची मोजली. सत्तर.
अजून एकेक ठोकळा घाला, म्हणाले.