बावीस सेंटिमीटर

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
मी शोधलं. मार्चातल्या शेवटच्या शनिवारी
मॅनकेटोहून पश्चिमेला तीन तास गाडी हाकत.
ऑर्टनव्हिलला एका लांबट तळ्याच्या टोकातून
ती निघते,
भरल्या पंगतीतून कुणी
पान न मोडता उठून जावं तशी.

इतकीच?

खोरं मात्र पाच मैल रुंद.
पलीकडच्या उतारावरची मालगाडी
मुंगळ्यांची रांग वाटते
आणि मध्ये ही,
थोरल्याचा सदरा घातलेल्या पोरासारखी
बाह्या दुमडत चाललेली.

"सदरा तिचा नव्हेच," व्हर्ना स्टेल्त्सनर सांगते.
वय एक्याऐंशी, पायात गुडघाभर रबरी बूट.
"उत्तरेला वितळल्या बर्फाचं तळं होतं, देशाएवढं.
फुटलं, ते इथून गेलं.
ही मागे राहिली
कुलूप लावायला."

दर मंगळवारी आम्ही दोघी वळणापाशी भेटतो.
इथवर आग्नेयेला आलेली नदी
अचानक ईशान्येची वाट धरते,
घरी काही विसरल्यासारखी.

बादली सोडायची. उंच नळी भरायची.
तळाशी काळी-पांढरी चकती.
वरून डोकावत पाणी सोडत जायचं
चकती दिसेपर्यंत.

"बावीस."
मी वहीत लिहिते. बावीस सेंटिमीटर.
तिथवर दिसतं, त्याखाली माती.

मक्याच्या रानांच्या पोटात पाइप पुरलेत,
रात्रंदिवस नदीकडे निचरा होतो.
"आजोबांनी मातीचे घातले, वडलांनी सिमेंटचे,
मी प्लास्टिकचे. आमच्या रानाखाली अकरा मैल,"
व्हर्ना सांगते. वजन सांगावं डॉक्टरांना, तसं.
आणि नळी विसळते.

राज्याला नाव हिचं.
आभाळाच्या रंगाचं पाणी, असं शाळेच्या पुस्तकात.
धुरकट पाणी, असंही म्हणतात.
ज्यांच्या भाषेतलं ते नाव
त्यांना याच खोऱ्यातून हाकललं,
अडतीस जणांना या गावात
एकाच सकाळी फासावर दिलं.
ग्रंथालयासमोर त्यांची नावं आहेत.
मी वाचली, अडखळत,
उच्चार दुरुस्त करायला
शेजारी कुणी नव्हतं.

आमच्याकडे हंड्यात तुरटी फिरवायचे,
मी व्हर्नाला सांगितलं. सकाळी पाणी निवळ.
ती हसली. मग गप्प झाली,
ओठ हलत राहिले:
एवढ्या नदीला किती तुरटी
याचा हिशेब करत असावी.

"आणि गाळ?" तिनं विचारलं.
हंड्याच्या तळाशी.
"म्हणजे तो जात नाही."
नाही.

नळीत उरलेलं पाणी ती
नेहमी वळणाच्या खालच्या अंगाला ओतते.
"निघालेलं आहे ते," म्हणते,
"मागे कशाला पाठवायचं."